‘कशावरून?’ हा प्रश्न घरात येऊ द्या



या सदरातून आम्ही मुलांच्या अभ्यासाविषयी अनेक वेळा लिहिले आहे. आज विषय वाचनाचा आहे. मूल खणखणीत आवाजात वाचते, कोठे अडत नाही, तरी वाचलेले त्याला कळत नाही. असे का होते आणि त्यावर घरातल्या घरात काय करता येईल, हे आज सांगावयाचे आहे. सुरुवात आमच्याच एका चुकीपासून करतो.

गोष्ट जुनी आहे. आम्ही नुकतेच नोकरीला लागलो होतो. आमच्या वस्तीतील एका भगिनीचे पती नोकरीत असतानाच वारले. त्यांचे काही पैसे एका कार्यालयाकडून येणे होते. एके दिवशी पोस्टमनने पत्र आणून दिले. ती ताई सकाळीच पत्र घेऊन आमच्या दारी आली. आम्ही कामावर निघण्याच्या घाईत होतो. आम्ही म्हणालो, "ताई, तुमचा मुलगा आठवीत आहे, हुशार आहे. त्याच्याकडून वाचून घ्या. काही अडलं तर रात्री या."

मुलाने पत्र वाचले. एकाही अक्षराला अडखळला नाही. पत्रातील मजकूर साधारण असा होता : वारस दाखला व मूळ कागदपत्रांसह पंधरा दिवसांच्या आत समक्ष हजर राहावे, मुदतीत हजर न राहिल्यास आपणांस काही सांगावयाचे नाही असे समजून प्रकरण दप्तरी दाखल करण्यात येईल.

मुलगा आईला म्हणाला, "आई, आपलं प्रकरण दाखल करणार आहेत." त्या पोराचे चुकले म्हणावे तरी कसे? शाळेत दाखल झाला म्हणजे नाव लागले. दवाखान्यात दाखल झाला म्हणजे खाट मिळाली. मग प्रकरण दाखल झाले म्हणजे काम झाले! कागदपत्रे काय, पुढे मागतील तेव्हा देऊ. घरात आनंद झाला. रात्री ती ताई आमच्याकडे आली नाही, कारण त्यांच्या मते अडले काहीच नव्हते. आम्हीही दिवसभराच्या कामात विसरून गेलो.

चार महिन्यांनी "पैसे अजून कसे आले नाहीत?" म्हणून ती पत्र घेऊन आली. आम्ही पत्र वाचले आणि आमचे हातपाय गार पडले. कार्यालयाच्या भाषेत ‘दप्तरी दाखल’ म्हणजे प्रकरण बंद करून फाईल कपाटात ठेवून देणे. आम्ही स्वतः कारकून. हे शब्द रोज आमच्या हातून लिहिले जातात. त्या सकाळी पाच मिनिटे थांबलो असतो तर त्या माउलीचे पुढचे हेलपाटे वाचले असते. प्रकरण पुन्हा उघडून पैसे हाती पडायला दोन वर्षांहून अधिक काळ गेला. त्या दोन वर्षांत तिने चार घरची भांडी घासली आणि मुलाने शाळा सुटल्यावर दुकानात पुड्या बांधल्या.

तो मुलगा आज नोकरीत आहे, संसारी आहे. पण त्या पत्राचा विषय निघाला की अजूनही मान खाली घालतो. आम्ही त्याला सांगतो, "बाबा रे, तुला वाचायला शिकवलं होतं, वाचलेल्याचा अर्थ काढायला कुणी शिकवलं नव्हतं."

न कळलेला शब्द कसा कळला असता?

कोणी म्हणेल, ‘दप्तरी दाखल’ हा कचेरीतला शब्द. आठवीच्या पोराला तो कसा ठाऊक असणार? बरोबर आहे. शब्द ठाऊक नव्हता. पण तो नीट विचार करता तर ओळखता आला असता. तो कसा, ते पाहा.

वाक्यात आधी काय आहे? ‘मुदतीत हजर न राहिल्यास’. म्हणजे पुढे जे घडणार ते न येणाऱ्याच्या बाबतीत घडणार. त्यानंतर काय आहे? ‘आपणांस काही सांगावयाचे नाही असे समजून’. म्हणजे आपले म्हणणे न ऐकताच ते घडणार. आता सांगा, बोलावूनही जो आला नाही, ज्याचे म्हणणे ऐकलेही नाही, त्याला कोणते कार्यालय पैसे आणून देईल? तेव्हा ‘दप्तरी दाखल’ म्हणजे काहीही असो, ते आपल्या फायद्याचे नाही. आणि ते टाळायचे असेल तर पंधरा दिवसांच्या आत गेलेच पाहिजे.

शब्दाचा नेमका अर्थ न कळताही वाक्याचा रोख कळला. पत्रात ‘या, नाही तर नुकसान होईल’ असे कोठेही लिहिलेले नाही. ते लिहिलेल्यावरून ओळखावयाचे आहे. लिहिलेले आणि आपल्याला आधीपासून माहीत असलेले या दोहोंची सांगड घालून न लिहिलेले ओळखणे, यालाच अनुमान म्हणतात. वाचन म्हणजे अक्षरे उच्चारणे अधिक अनुमान. दुसरा भाग गळाला की वाचन पोपटाचे होते.

सरकारलाही आता हे पटलेले दिसते. केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ रोजी निपुण भारत अभियान सुरू केले. तिसरीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि साधे गणित यावे, हा त्याचा हेतू. नुसते वाचता यावे एवढेच नव्हे, तर ‘समजून’ वाचता यावे. सरकारी अभियान शाळेत काय करायचे ते करील. आपण आपल्या घरात काय करणार?

आपली मुले अनुमान करतातच

आमचे पहिले सांगणे हे की, आपल्या मुलांना अनुमान करता येत नाही, हे खरे नाही. कष्टकऱ्यांची मुले तर दिवसभर तेच करीत असतात. दारात अनोळखी चपला दिसल्या की पोरगी आत डोकावण्याआधीच फ्रॉक सारखा करते. पाहुणे आलेत हे तिला कोणी सांगितले? आईने भांडे जरा जोरात ठेवले की धाकटा सहलीचे पैसे मागायचे उद्यावर ढकलतो. बापाची पावले वाजली की आज पगार झाला की नाही, हे घरातल्या चिमुरड्यालाही समजते. नळावर हंड्यांची रांग पाहून मूल सांगते, "अजून पाणी आलं नाही."

हे सगळे अनुमानच आहे. मग हीच मुले पुस्तक उघडल्यावर मुकी का होतात? कारण पुस्तकात डोके चालवावयाचे असते, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नाही. त्यांना सांगितले आहे, ‘मोठ्याने वाच’, ‘अडखळू नको’, ‘उत्तर पाठ कर’. आपणही तेच करतो. विहारात एखादे मूल धडाधड वाचून दाखवते आणि आपण टाळ्या वाजवतो. आम्हीही कितीदा वाजवल्या आहेत. काय वाचले हे मात्र आपण त्याला विचारीत नाही.

एका रविवारची गोष्ट

आमच्या विहारात रविवारी सकाळी मुलांचा वर्ग भरतो. वीस-बावीस मुले असतात, पाचवीपासून नववीपर्यंतची. एका रविवारी आम्ही फळ्यावर आमच्याच मनाने एक लहानसा उतारा लिहिला. तो असा :

‘आई पहाटे उठली. तिने भाकऱ्या थापल्या, डबा भरला. घड्याळाकडे पाहून घाईघाईने चप्पल पायात सरकवली. दाराची कडी काढली आणि ती थबकली. स्वतःशीच हसली. परत आत येऊन तिने डबा उतरवून ठेवला, मुलांचे पांघरूण सारखे केले आणि त्यांच्या शेजारी आडवी झाली.’

एका मुलीने तो सुरेख वाचला. मग आम्ही विचारले, "आई परत का फिरली?" वर्ग गप्प. एकजण म्हणाला, "सर, ते लिहिलेलंच नाही." आम्ही म्हणालो, "लिहिलेलं नाही म्हणूनच विचारतो."

हळूहळू उत्तरे येऊ लागली. कोणी म्हणाले, पाऊस आला असेल. कोणी म्हणाले, तिला बरे नसेल. एक मुलगी म्हणाली, सुट्टी असेल. मागच्या रांगेत एक मुलगा बसतो, एरवी फार बोलत नाही. तो म्हणाला, "कंपनी बंद पडली असेल." दोन-तीन मुले हसली. आम्ही त्यांना थांबवले आणि त्याला विचारले, "कशावरून रे?"

तो म्हणाला, "माझे बाबा असेच डबा घेऊन गेले आणि परत आले. गेटला कुलूप होतं."

वर्गात कोणी बोलेना. खरे सांगावयाचे तर आम्हालाही क्षणभर काय बोलावे ते सुचेना. मग आम्ही म्हणालो, "तू म्हणतोस तसं घडतं, आपण पाहिलेलं आहे. आता एक कर. फळ्याजवळ ये. या उताऱ्यात तुझ्या बाजूने काय आहे आणि तुझ्या विरुद्ध काय आहे, बोट ठेवून दाखव."

तो उठला. बराच वेळ फळ्याकडे पाहत राहिला. मग एका शब्दावर बोट ठेवून म्हणाला, "ही हसली. माझे बाबा हसले नव्हते." आणि थोड्या वेळाने स्वतःच म्हणाला, "आणि ही तर गेटपर्यंत गेलीच नाही. दारातच तिला आठवलं. म्हणजे सुट्टीच असणार."

दुसरा एक मुलगा उत्साहाने म्हणाला, "सर, मुलंपण झोपलीत, म्हणजे शाळेलाही सुट्टी." त्यावर पुढची मुलगी लगेच म्हणाली, "पहाट आहे रे, रोजच झोपलेली असतील. तो पुरावा कच्चा आहे."

बंधू-भगिनींनो, त्या दिवशी आम्ही काहीही शिकवले नाही. एक उतारा लिहिला आणि ‘कशावरून?’ एवढा एक शब्द विचारला. बाकीचे मुलांनीच केले. मागच्या रांगेतल्या त्या मुलाने आपल्या घरचे दुःख वर्गात आणले, ते उताऱ्याशी ताडून पाहिले आणि शब्दांचा पुरावा मिळताच आपले मत स्वतः बदलले. असे करणे मोठ्या माणसांनाही जड जाते.

प्रश्नांचे चार प्रकार

वाचनावर प्रश्न कसे विचारावेत, याचा अभ्यास अनेकांनी केला आहे. अमेरिकेतील टॅफी राफेल या विदुषींनी १९८० च्या दशकात एक साधी रीत घालून दिली. उत्तर कोठे सापडते, यावरून त्यांनी प्रश्नांचे चार प्रकार पाडले आणि ते मुलांनाच ओळखायला शिकवले. आमच्या उताऱ्यावरून ते असे सांगता येतील.

पहिला : उत्तर तिथेच, एका वाक्यात आहे. आईने काय थापले? भाकऱ्या. बोट ठेवले की झाले.

दुसरा : उत्तर आहे, पण दोन-तीन ठिकाणचे वेचून जुळवावे लागते. आईची कामावर जाण्याची तयारी कोणकोणत्या गोष्टींतून दिसते? डबा, घड्याळ, चप्पल, कडी. हे सारे गोळा करावे लागते.

तिसरा : काही लेखकाने दिले आहे, काही आपल्या डोक्यात आहे, दोन्ही मिळून उत्तर होते. आई परत का फिरली? अनुमान म्हणतात ते हे.

चौथा : उत्तर आपल्याच जवळ आहे. तुमची आई सुट्टीच्या दिवशी काय करते? येथे उतारा फक्त निमित्त.

आपण घरी मुलांना बहुतेक पहिल्याच प्रकारचे प्रश्न विचारतो. परीक्षेत मात्र तेवढ्याने भागत नाही. दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत कधी न वाचलेला उतारा देऊन आकलन तपासतात. पुढे लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेतही उतारे असतात. तेथे पाठांतर कामाला येत नाही. क्लासची हजारो रुपये फी भरूनही मूल तेथे अडते, कारण पाचवी-सहावीत त्याला कोणी ‘कशावरून?’ असे विचारलेले नसते.

लहान शब्द, मोठा अर्थ

आपल्या मराठी भाषेत काही शब्द अगदी लहान आहेत, पण सगळा अर्थ त्यांच्यात दडलेला असतो. ही चार वाक्ये मुलांना वाचायला द्या :

दादा पास झाला. दादासुद्धा पास झाला. दादाच पास झाला. दादा एकदाचा पास झाला.

पास होणे चारही ठिकाणी सारखेच. पण दुसऱ्या वाक्यात दादाकडून कोणाची फारशी अपेक्षा नव्हती. तिसऱ्यात बाकीचे नापास झाले. चौथ्यात दादाच्या आधीच्या खेपा वाया गेल्या आहेत आणि घरच्यांनी सुटकेचा श्वास सोडला आहे. हे कोणी लिहिले? ‘सुद्धा’, ‘च’ आणि ‘एकदाचा’ या शब्दांनी. तसेच ‘तरी’, ‘पण’, ‘फक्त’, ‘अन्यथा’ हे शब्द आले की मुलाला थांबवून विचारावे, "हा शब्द काय सांगतो?" त्या ताईच्या पत्रात ‘न राहिल्यास’ या दोन शब्दांवर मूल थांबले असते तर पुढचा प्रसंग टळला असता.

दुसरी खूण हाक मारण्याची. गोष्टीत कोण कोणाला ‘अरे’ म्हणतो, कोण ‘अहो’ म्हणतो, कोण ‘या, बसा’ म्हणतो आणि कोण नुसतेच ‘काय रे’ म्हणतो, हे मुलांना पाहायला लावा. एखाद्या जुन्या गावाकडच्या गोष्टीत दहा वर्षांचा पोरगा सत्तरीच्या म्हाताऱ्याला ‘ए, इकडे ये’ म्हणतो आणि म्हातारा ‘जी’ म्हणून उठतो. पोरगा कोणत्या घरचा, म्हातारा कोणत्या वस्तीतला, हे लेखकाने लिहिलेले नसते. शहरात वाढलेल्या आपल्या मुलांना ते चटकन ओळखू येत नाही. पण घरातल्या आजीला विचारा. तिला शाळेचे तोंड पाहायला मिळाले नसेल, तरी हे वाक्य ती लगेच उलगडून सांगेल. अशा वेळी आजीला मुलांच्या अभ्यासात बसवावे. मुलाला अर्थ कळेल आणि आजीचे आयुष्यही कळेल.

अंदाज वेगळा, अनुमान वेगळे

येथे एक सावधगिरी सांगणे जरूर आहे. मुलांना मोकळे सोडले की ती वाटेल ते सांगतात. ‘आई परत फिरली कारण तिला भूत दिसले’ हेही उत्तर येते. त्यावर रागावू नये. ‘कशावरून?’ विचारावे. पुरावा दाखवता आला तर अनुमान, नाही तर नुसता अंदाज. आणि पुढचे वाक्य वाचून आधीचे अनुमान खोटे ठरले तर ते सोडून द्यावे, त्यात कमीपणा नाही, हेही मुलांच्या मनावर बिंबवावे.

हा विचार आपल्या परंपरेला नवा नाही. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी आचार्य दिङ्नाग या बौद्ध पंडितांनी सांगितले की, खरे ज्ञान मिळवण्याचे मार्ग दोनच : प्रत्यक्ष आणि अनुमान. अनुमानाचेही त्यांनी दोन भाग केले. एक स्वतःला कळावे म्हणून केलेले, दुसरे इतरांना पटवून देण्यासाठी हेतू, म्हणजे कारण, दाखवून मांडलेले. आमचे म्हणणे असे की, ‘कशावरून?’ हा प्रश्न मुलाला पहिल्या पायरीवरून दुसऱ्या पायरीवर चढवतो. मनात कळले ते पुरेसे नाही, समोरच्याला कारण दाखवता आले पाहिजे. कालामसुत्तातही नुसत्या ऐकीव गोष्टीवर विसंबू नये, तसेच नुसत्या तर्कावरही विसंबू नये, असा बोध आहे. तेव्हा तर्क करावा आणि तो तपासूनही घ्यावा.

बाबासाहेबांचेच उदाहरण घ्या. अस्पृश्यांच्या उगमाविषयीचा त्यांचा ‘द अनटचेबल्स’ हा ग्रंथ १९४८ साली प्रसिद्ध झाला. ज्या समाजाचा इतिहास कोणी लिहूनच ठेवला नाही, त्याचा इतिहास कसा शोधावयाचा? पुराव्याच्या साखळीतला एखादा दुवा सापडत नसेल तेव्हा हाती असलेल्या दुव्यांवरून मधला दुवा जुळवावा लागतो, आणि निश्चित काय व अनिश्चित काय हेही सांगावे लागते, अशी भूमिका त्यांनी त्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत मांडली. ज्यांच्याविषयी लिहिलेले थोडे, त्यांना न लिहिलेले वाचता आलेच पाहिजे. आपल्या मुलांसाठी ही गोष्ट इतरांहून अधिक महत्त्वाची आहे, ती यासाठी.

मूल ‘ढ’ नसते

आणखी एक गोष्ट पालकांनी आणि शिक्षकांनी ध्यानात ठेवावी. अनुमानाला आधीची माहिती लागते. माहिती नसेल तर हुशार मूलही अडते.

१९८८ साली अमेरिकेत डोना रेख्ट आणि लॉरेन लेस्ली या दोघींनी सातवी-आठवीच्या ६४ मुलांवर एक प्रयोग केला. मुलांना बेसबॉलच्या सामन्याचे वर्णन वाचायला दिले. बेसबॉल हा तिकडचा लोकप्रिय खेळ, आपल्याकडे क्रिकेट तसा. काही मुले वाचनात पक्की होती, काही कच्ची. काहींना खेळाची चांगली माहिती होती, काहींना नव्हती. निष्कर्ष असा निघाला की, वाचनात कच्ची पण खेळाची जाणकार असलेली मुले, वाचनात पक्की पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. मजकुराचे त्यांना अधिक समजले आणि अधिक आठवले.

याचा अर्थ आपल्यापुरता काय? पाठ्यपुस्तकात समुद्रकिनारी हॉटेलात राहिलेल्या कुटुंबाचा धडा असेल आणि आपल्या मुलाने हॉटेलची खोली कधी पाहिलीच नसेल, तर ‘त्यांनी किल्ली काउंटरवर ठेवली’ या वाक्यावरून ‘ते आता घरी निघाले’ हे त्याला कळणार नाही. मास्तर त्याला ‘ढ’ म्हणतील. पण त्याच मुलाला रेशनच्या रांगेवरचा उतारा द्या. ‘दुकानदाराने मशीन बाजूला सारून शटरकडे पाहिले’ एवढे वाचताच ते सांगेल की, आता अंगठा लागत नाही, रेंज गेली, आजचा खाडा फुकट गेला! तेथे हॉटेलवाले मूल अडेल. बुद्धी दोघांची सारखीच. फरक काय पाहिले आणि काय नाही याचा आहे.

म्हणून मूल अडले की त्याला मारू नका, हिणवू नका. त्याला काय माहीत नाही ते शोधा आणि ते सांगा. मुलांना पोस्टात न्या, बँकेत न्या, स्लिप भरायला लावा. सुट्टीत एखादे संग्रहालय दाखवा. बातम्या ऐकताना नकाशा दाखवा. हा खर्चाचा भाग नाही, सोबत नेण्याचा भाग आहे. अशी माहिती साठली की पुढे वाचताना ती आपोआप कामाला येते.

रोजची पंधरा मिनिटे

घरी काय करावे, ते थोडक्यात सांगतो. जेवणानंतर पंधरा मिनिटे काढा. मालिका थोड्या उशिरा लावा.

मुलाला वर्तमानपत्रातील चार-पाच ओळींची बातमी, धड्यातील एक परिच्छेद किंवा घरी आलेला कोणताही कागद वाचायला द्या. एकदा मोठ्याने वाचू द्या, एकदा मनात. मग तीनच प्रश्न विचारा. ‘काय झालं?’ हा पहिला. ‘यात न लिहिलेलं काय कळलं?’ हा दुसरा. आणि ‘कशावरून?’ हा तिसरा. उत्तर तुम्ही सांगू नका. मूल गप्प बसले तर तुम्हीही थोडे गप्प बसा. आपल्याला घाई असते, आपण उत्तर सांगून मोकळे होतो आणि मुलाचा विचार तेथेच थांबतो. आमचीही ही खोड अजून पुरती गेलेली नाही.

मोबाइलवर येणारे संदेशही या अभ्यासाला घ्यावेत. ‘आपले वीजबिल भरलेले नाही, आज रात्री साडेनऊ वाजता वीज तोडण्यात येईल, त्वरित पुढील नंबरवर फोन करा’ असे फसवे संदेश गेली काही वर्षे अनेकांना आले आहेत. मुलाला विचारा, "हा खरा की खोटा? कशावरून?" ते शोधील : ग्राहक क्रमांक दिलेला नाही, नाव नाही, खाली कोणाचा तरी साधा मोबाइल नंबर आहे आणि घाई तर अशी की विचार करायलाच सवड मिळू नये. लिहिलेले नसले तरी लिहिणाऱ्याची नियत कळते. अशा संदेशाला भुलून कष्टाचे पैसे गमावलेली घरे आपल्या आसपास आहेत. ती माणसे निरक्षर नव्हती. त्यांना वाचता येत होते.

न शिकलेल्या आई-बापांसाठी

आता शेवटचे. अनेक माता-भगिनी आम्हास म्हणतात, "भाऊ, आम्ही शिकलो नाही, आम्ही मुलांचा काय अभ्यास घेणार?" गणित, इंग्रजी, विज्ञान याबाबत त्यांचे म्हणणे समजू शकते. पण या अभ्यासाला अक्षर लागत नाही. मूल वाचील, तुम्ही ऐका आणि विचारा, "कशावरून रे?" मुलाला समोर बसून कारण सांगावे लागेल. कारण पटले नाही तर म्हणा, "मला नाही पटलं, पुन्हा वाच." बाजारात भाजीवाल्याचा तराजू आणि त्याचा चेहरा दोन्ही वाचणाऱ्या बाईला मुलाचे उत्तर कच्चे की पक्के, हे ओळखता येते. तुमचा व्यवहार आणि मुलाचे अक्षर एकत्र आले की घरातच शाळा उभी राहते.

परवा त्या ताई विहारात भेटल्या. आता सत्तरीला आल्या आहेत. नातीला रविवारच्या वर्गाला घेऊन आल्या होत्या. वर्ग सुटल्यावर नातीने घरी आलेला एक कागद आम्हाला दाखवला, सोसायटीची नोटीस होती. आम्ही चष्मा काढून वाचणार, तोच ताई म्हणाल्या, "थांबा भाऊ, आधी तिला वाचू द्या." पोरीने वाचले आणि म्हणाली, "आजी, शनिवारी पाणी येणार नाही."

ताईंनी विचारले, "कशावरून?"

पोरीने ओळीवर बोट ठेवले. टाकीची सफाई शनिवारी सकाळी, एवढेच त्यात लिहिले होते. पाण्याचा उल्लेख नव्हता. ताईंनी मान डोलावली आणि आमच्याकडे पाहून म्हणाल्या, "शुक्रवारी रात्री भरून ठेवायला पाहिजे."

आम्ही कागद न वाचताच परत दिला. जयभीम!